शाळा तपासावी कशी: नवशिक्यांसाठी

शाळा तपासायला शिक्षणशास्त्र यावे लागते, हा जुना गैरसमज आहे. पूर्वी हे काम एकट्या विभाग निरीक्षकाचे असे आणि त्याला निदान बाराखडी घोकून घ्यायचा अनुभव असे. आता कंपन्यांच्या सीएसआर विभागातली माणसे, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र हवे असलेली मुले, संस्थांचे फेलो आणि निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवकपदाचे इच्छुक, असे सगळेच शाळा तपासतात. साहित्य फार लागत नाही. छापील फॉर्म, चार्ज केलेला मोबाइल आणि दुपारी एकच्या आत निघायची घाई. या तिन्ही गोष्टी जवळ असतील तर पुढे वाचावे.

हात बसावा म्हणून सुरुवात लहान शाळेपासून करावी. महापालिकेची, प्राथमिक, मराठी माध्यमाची शाळा निवडावी आणि ती मुंबईच्या एम पूर्व विभागातली असावी, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी या पट्ट्यातली. महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात मुंबईतल्या सगळ्या विभागांत हा विभाग तळाला होता. त्यामुळे इथे काहीही आढळले तरी अहवालात शोभते. चांगले आढळले तर ‘प्रतिकूलतेवर मात’, वाईट आढळले तर ‘विदारक वास्तव’. दोन्ही मथळे आदल्या रात्रीच टाइप करून ठेवावेत.

पत्ता

इमारत सहज सापडते, शाळा सापडत नाही. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते आणि एकाच इमारतीत यांतल्या तीन-चार शाळा नांदतात. तळमजल्यावर उर्दू, वर हिंदी, त्याच्या वर इंग्रजी, काही सकाळच्या अधिवेशनात, काही दुपारच्या. आपली मराठी शाळा बहुधा दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला असते. उर्दू आणि इंग्रजीचे वर्ग ओसंडत असतात, मराठीचे आटत असतात. त्याची कारणे वस्तीच्या इतिहासात आहेत आणि फॉर्मात इतिहासाला रकाना नाही.

भौतिक सुविधांचे पान इथेच, जिन्यात उभ्या उभ्या भरून टाकावे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान, ग्रंथालय, पिण्याचे पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, कुंपण, रॅम्प अशी यादी आहे. मैदान आहे का, असे चारही शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारले तर चौघेही ‘आहे’ म्हणतील आणि चौघेही खरेच बोलत असतील. खाली पत्रे आणि डेब्रिज यांच्या मधोमध एक अंगण असते, तेच चारही फॉर्मांत जाते. कागदावर त्यामुळे चार मैदाने होतात. शहरात मोकळी जागा कमी आहे म्हणणाऱ्यांनी कधी फॉर्म भरलेले नसतात.

स्वच्छतागृहासमोर ‘आहे’ लिहावे. नळाला पाणी किती वाजेपर्यंत असते हे विचारण्याचा मोह होईल. आवरावा.

कागद

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे शाळेत शिरल्या शिरल्या मुलांकडे बघणे. आधी कार्यालयात बसावे, चहा येऊ द्यावा आणि कागद मागावेत. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, टाचण वह्या, डेड स्टॉक, हालचाल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. यांतले प्रत्येक बाड ज्या बाई तुमच्यासमोर ठेवतात, त्याच बाई या घटकेला वर्गातही असायला हव्यात. वरून येणारा गलका ऐकू आला की ‘वर्गात शिस्तीचा अभाव’ अशी नोंद करावी. गलका आपल्यामुळेच आहे, हे लक्षात आले तरी नोंद खोडू नये. खाडाखोड वाईट दिसते.

टाचण लाल-निळ्या शाईत असेल आणि समासात तारखा असतील तर बाई उत्तम शिकवतात. चांगल्या शिक्षकाचे टाचण एखादे दिवशी कोरे असू शकते, कारण त्या दिवशी तीन मुलांना हातच्याची वजाबाकी समजत नव्हती आणि ठरलेला पाठ झालाच नाही. अशा कोऱ्या पानावर गोल करावा.

मग वर्णनात्मक नोंदी मागाव्यात. 2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नुसते गुण न देता प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने दोन वाक्ये लिहावीत, हा त्यातला खरोखर सुंदर विचार. वर्षभरात या वाक्यांच्या तयार याद्या निघाल्या. ‘परिसरातील घटकांविषयी आपुलकी दाखवतो’, ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होते’. आता राज्यातली बहुतेक मुले आपुलकी दाखवतात आणि उत्साहाने सहभागी होतात. एखाद्या नोंदीत ‘र आणि ऱ्य यांत अडखळतो, मोठ्याने वाचायला लाजतो, बहिणीला शेजारी बसवले की वाचतो’ असे काही सापडले तर ती नोंद अशासकीय आहे. मुलाला खरोखर कुणीतरी पाहिले आहे, याचा शाळेतला एकमेव कागदी पुरावा तोच असेल. पण तो नमुन्यात बसत नाही.

‘शाळासिद्धी’ या सरकारी स्वयंमूल्यमापनात 7 क्षेत्रे आणि 46 मानके आहेत आणि तिथे शाळा स्वतःच स्वतःला श्रेणी देते. त्या कागदाची छायाप्रत घ्यावी, तुमचे अर्धे काम झाले.

शिक्षक

इथे थोडे गणित करावे लागेल. समजा पहिली ते पाचवी मिळून पटावर 54 मुले आहेत. कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर गेल्याशिवाय नाही, म्हणून दोघांपैकी ज्येष्ठ बाईंकडे प्रभार. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण निघते एकास सत्तावीस. फॉर्मात त्यापुढे ‘उत्कृष्ट’ अशी चौकट असते. आपली स्वतःची मुले ज्या शाळेत जातात तिथे एका वर्गात पंचेचाळीस असतात, हे आठवून थोडा हेवाही वाटून घ्यावा.

आता उलटीकडून मोजावे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक इयत्तेला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन मिळाले पाहिजे, असे तोच कायदा म्हणतो. पाच इयत्तांचे झाले 4000 तास. दोन शिक्षक अंगात ताप असतानाही आले, तरी दोघांचे मिळून 1600. उरलेले 2400 तास पाचवीची मुले तिसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावतात, पहिलीची मुले रंगवत बसतात आणि चौथीची मुले खिडकीतून देवनारच्या डम्पिंगचा, म्हणजे कचऱ्याचा, डोंगर बघतात. दोघांनी पाच इयत्ता एकाच खोलीत हाकणे ही एक अवघड कला आहे. फळ्याचे तीन भाग करायचे, एका गटाला तोंडी, दुसऱ्याला लेखी, तिसऱ्याला गणितपेटी, आणि दर दहा मिनिटांनी फिरायचे. जमते त्यांना जमते. पाहताना ते फारच गोंधळाचे दिसते, म्हणून पाहू नये.

यातही एक शिक्षिका कधी मतदार यादीच्या कामावर असते, कधी प्रशिक्षणाला. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कायद्याचे 27 वे कलम बजावते आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना मोकळे सोडते. बाई जागेवर का नाहीत, असे विचारू नये. हालचाल रजिस्टरात सही आहे का, एवढेच विचारावे.

हजेरी आणि पट

हजेरी शक्यतो पहिल्या भेटीत आणि सोमवारी मोजावी. आज वर्गात 42 आहेत. बारा मुले कुठे आहेत? फॉर्मात पर्याय असतात: आजारपण, स्थलांतर, पालकांची अनास्था, इतर. तिसरा पर्याय सर्वांत हाताशी असतो. पहाटे पाण्याची पाळी, लहान भाऊ, गल्लीतला ताप, घर खाली करायला आलेली नोटीस, गावाकडची लग्ने आणि जुलैपर्यंत न मिळालेले परतीचे रिझर्व्हेशन, हे सगळे त्याच एका चौकटीत कोंबता येते.

मागच्या वर्षांचे आकडे मागितले तर वस्तीचा इतिहास हजेरीपत्रकातच सापडतो. जानेवारी 2016 च्या शेवटी देवनारचे डम्पिंग पेटले आणि धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हे डम्पिंग 1927 पासून तिथे आहे, म्हणजे वॉर्डातल्या बहुतेक शाळांपेक्षा जुने. 2022 च्या पावसाळ्यानंतर गोवंडीत गोवर पसरला आणि बाके रिकामी झाली. आलेख काढताना हे उतार ‘शाळेची घसरती उपस्थिती’ या शीर्षकाखाली काढावेत. फुप्फुसे आणि लसीकरण हे दुसऱ्या खात्याचे विषय आहेत.

पालकांच्या अनास्थेचा आणखी एक भक्कम पुरावा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हे कायद्यातले बहुधा सर्वांत लोकशाही कलम. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. तेव्हा आई चेंबूरला चौथ्या घरची भांडी घासत असते किंवा कचऱ्यातून प्लॅस्टिक निवडत असते. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. सभेत चारच बाया आल्या म्हणून भुवया उंचावणाऱ्या साहेबांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला किती माणसे असतात, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

पटाविषयी मात्र कडक राहावे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली, आणि कागदावरची लाखो मुले विरघळली. ते पाप होतेच आणि ते मुलांनी केलेले नव्हते. आता शाईची जागा आधारने घेतली आहे. नाव, जन्मतारीख, लिंग यांतले एक अक्षर जरी पोर्टलवर जुळले नाही तरी मूल ‘इनव्हॅलिड’. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, आणि जन्मतारीख गावच्या अंगणवाडीतून अंदाजे 1 जूनची. आपल्या 54 पैकी 46 जुळली आहेत. उरलेली आठ मुले समोर मांडी घालून खिचडी खात असतात आणि संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या हिशेबात, ती नसतात. त्यांना फॉर्मात मोजायचे का, हा नवशिक्यांचा आवडता प्रश्न. मोजू नये, पण ती जेवत असताना त्यांच्याकडे बघू नये, म्हणजे मोजायची इच्छा होत नाही.

खिचडीची चव मात्र जरूर घ्यावी. प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. चव रजिस्टरात रोजची नोंद असते आणि ती रोज ‘उत्तम’ असते. पातेल्याच्या तळाशी डाळ किती आहे, हे सर्वांत मागे उभ्या असलेल्या मुलाला माहीत असते. बहुतेक घरी सकाळी चहा-पाव झालेला असतो किंवा तेही नाही. त्यामुळे दहा वाजता वर्गात पेंगणारे मूल जेवणानंतर अचानक हुशार होते. याचा शोध तुम्हाला लागला तर तुम्ही थोडे जास्तच थांबलात.

मूल वाचते का?

आता इलाज नाही, वर्गात जावेच लागेल. दारातून शिरताना सगळी मुले उभी राहून एका सुरात ‘नमस्ते’ म्हणतील. पहिल्या बाकावरची दोन मुले तयार असतात, त्यांना कविता येते, सत्तावीसचा पाढा येतो आणि साहेबांना हसूनही बघता येते. त्यांनाच विचारावे. वेळ वाचतो आणि फोटो चांगला येतो.

ज्यांना इतके सोपे काम नको असेल त्यांच्यासाठी अवघड पद्धतही देतो. ती उगाच कुणाला सांगू नये. मागच्या रांगेतल्या, तुमच्याकडे न बघणाऱ्या मुलीपाशी जमिनीवर बसावे. मोबाइल खिशात ठेवावा. चार पायऱ्यांचा कागद जवळ असावा: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ही शिडी ‘प्रथम’ संस्थेने रुळवली, जी मुळात मुंबईच्या वस्त्यांतच सुरू झाली. याच शिडीवर बेतलेली ‘असर’ पाहणी 2005 पासून देशभर ग्रामीण मुलांचे वाचन मोजते. ज्या गल्ल्यांतून ही कल्पना निघाली त्या गल्ल्या त्या पाहणीत येत नाहीत, ही या देशाची एक गंमत. मुलगी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली तर पेन हलवू नये. तिच्या आजीच्या गावात सगळे तसेच म्हणतात आणि तिथेही तहान भागते.

ही मुलगी पाचवीत आहे, समजा. दहा वर्षांची. आईबाप बीडकडचे, ऊसतोडीला जायचे, ती बरोबर. ऑगस्टमध्ये मावशीकडे गोवंडीला आली. दाखला नव्हता, तरी शाळेने घेतले, कारण दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयानुसार थेट पाचवीत बसवले, कारण कायद्याचे चौथे कलम तसे सांगते आणि बरोबर सांगते. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवले तर ती आठवड्यात पळून जाईल. तेच कलम तिला विशेष प्रशिक्षणाचाही हक्क देते. विशेष प्रशिक्षण म्हणजे इथे सुटीनंतरची वीस मिनिटे आणि त्याच दोन बाई. ऑगस्टमध्ये तिला अक्षरओळख नव्हती. फेब्रुवारीत ती जोडाक्षरे सोडून शब्द वाचते आहे, बोट ठेवून, घाम पुसत.

तुमच्या फॉर्मात पाचवीच्या मुलीला गोष्ट वाचता यायला हवी. तिला परिच्छेदही येत नाही. सबब: अप्रगत. तिच्या शेजारचा मुलगा जानेवारीत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये राहायला आला, आधीच्या शाळेत चांगला शिकला होता, गोष्ट धडाधड वाचतो. सबब: प्रगत. या शाळेने वर्षभरात केलेले सर्वांत मोठे काम उणे खात्यात गेले आणि ज्यात तिचा हात नाही ते यश अधिक खात्यात आले. मूल कुठून निघाले आणि इथे येऊन किती चालले, हे मोजायला तीच शिडी पुरते. ऑगस्टमध्ये एकदा धरायची आणि फेब्रुवारीत पुन्हा. पण त्यासाठी ऑगस्टमध्ये यावे लागते, आणि मूल्यमापनाचा निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा असल्यामुळे मूल्यमापक फेब्रुवारीतच येतो.

आकडा

पाचवीत नऊ मुले. चौघांना गोष्ट वाचता आली, म्हणजे 44 टक्के. मागच्या वर्षी पाचवीत सात होती, पाच वाचत होती, 71 टक्के. सत्तावीस टक्क्यांची घसरण! यावर कारणे दाखवा नोटीस निघू शकते. प्रत्यक्षात वाचणारे एक मूल कमी झाले आणि वर्गात दोन मुले वाढली.

लहान शाळांचे आकडे असेच झोके घेतात. अमेरिकेत एके काळी असे दिसले की, उत्तम निकालांच्या यादीत लहान शाळा फार आहेत. मग मोठ्या शाळा फोडून लहान करायला देणगीदारांनी अमाप पैसा ओतला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवले की यादी उलटी धरली तर तळालाही लहान शाळाच जास्त होत्या. थोडक्या मुलांची सरासरी दोन्हीकडे लांब जाते, एवढेच. आपल्याकडे ही चूक करायला पैसाही लागत नाही. वरच्या शाळेला आदर्श पुरस्कार द्यायचा आणि खालच्या शाळेला ‘कमी पटाची, समायोजनास पात्र’ ठरवायचे. पुढच्या वर्षी दोघींची जागा उलट असते, पण तोवर एकीच्या वर्गांना कुलूप लागलेले असते. आणि पुढची मराठी शाळा हायवेपलीकडे.

शेरा

निघताना लॉगबुक समोर येईल. ‘शाळेचे कामकाज समाधानकारक. गुणवत्तावाढीस वाव आहे.’ हा शेरा कुठल्याही शाळेला, कुठल्याही वर्षी चालतो. अधिक काही लिहायचेच असेल तर ‘बोलक्या भिंती कराव्यात’ लिहावे. भिंती बोलक्या झाल्या की निदान माणसांचे ऐकावे लागत नाही.

प्रभारी बाई जिन्यापर्यंत सोडायला येतील आणि हळूच म्हणतील, “साहेब, तेवढं एका शिक्षकाचं बघा ना. रिटायर झालेल्या सरांची जागा अजून भरली नाही.” यावर मान हलवावी. ‘बघतो’ म्हणू नये, कारण पुढच्या भेटीत त्या आठवण करून देतात. फॉर्मात ही मागणी कुठेच बसत नाही. ‘इतर’ या रकान्यात एक ओळ मोकळी असते, पण ती मूल्यमापकाच्या सहीसाठी ठेवलेली आहे.

खाली उतरताना दुसरा मूल्यमापक वर चढताना भेटला तर दचकू नये, त्याच्याही फॉर्मात तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने असतात. थांबून पटसंख्या तेवढी जुळवून घ्यावी. तुमच्याकडे रजिस्टरातली 54, त्याच्याकडे पोर्टलवरची 46, आणि बाईंनी आज खिचडी मागवली ती 42 ताटांची. सरासरी काढायच्या भानगडीत पडू नये. ती 47.33 येते आणि पोर्टल दशांश घेत नाही.